कॉलिन चॅपमन : मऊ स्प्रिंगवर शर्यती जिंकणारा इंजिनिअर

गाडी जोरात पळवायची म्हटली की हौशी पोरांच्या डोक्यात दोन गोष्टी येतात. पहिली इंजिनाची, दुसरी स्प्रिंगची. कंपनीची स्प्रिंग काढायची, बाजारातली आखूड आणि कडक स्प्रिंग टाकायची, गाडी दोन इंच खाली बसवायची, की झाली रेसिंगची गाडी! असा समज बेळगावातही आहे, इंदूरमध्येही आहे आणि लंडनमध्येही होता.

या समजाला ज्याने आपल्या कामातून उत्तर दिले, तो माणूस म्हणजे ब्रिटनच्या लोटस मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन. त्यांच्या हयातीत त्यांच्या संघाने फॉर्म्युला वन शर्यतींतली सात कन्स्ट्रक्टर विजेतेपदे आणि सहा चालक विजेतेपदे मिळवली. त्यांची सुरुवात मात्र कुठल्याही गॅरेजात होते तशीच झाली. दुसऱ्याने बनवलेली एक जुनी, स्वस्त गाडी घेतली आणि तिच्यात फेरफार केले. स्प्रिंग बदलताना तिच्यावरचा भार शेवटी कुठे जातो, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. कधी त्याचे उत्तर सापडले, कधी चुकले. चुकले तेव्हा किंमत दुसऱ्यांनीही मोजली.

जुन्या गाड्यांचा धंदा बुडाला

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. पुढे कुटुंब उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात आले. वडील तिथे रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. कॉलिन शिकायला गेले लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग. म्हणजे पूल, छप्पर, खांब, तुळई यांचे गणित. कुठल्या सळईवर किती भार येतो आणि तो पुढे कुठे जातो, हे त्या शिक्षणाने त्यांच्या डोक्यात पक्के बसले. कॉलेजच्या हवाई पथकात ते विमान चालवायलाही शिकले.

शिकता शिकता त्यांनी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना बरा भाव होता. पण १९४७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी घेणार कोण? बाजार कोसळला. माल पडेल त्या किमतीला काढावा लागला आणि कमावलेले बहुतेक सगळे गेले. हाती राहिली एक १९३० सालची ऑस्टिन सेव्हन. हीच गाडी लोटसचे मूळ ठरली.

मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे, मसवेल हिल भागात, एक छोटे गॅरेज होते. तिथे १९४८ मध्ये ऑस्टिनचे जुने अंग उतरवून तिच्यावर हलके नवे अंग चढवले गेले. हेझलही हाताखाली काम करत होती. चिखलाच्या चढणींवर चालणाऱ्या स्पर्धांसाठी ही गाडी बनली. हीच लोटस मार्क वन.

पाटे, अ‍ॅक्सल आणि करवत

ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली गरिबाची गाडी. पुढे आडवा एकच पाटा, मागे दोन अर्धवट पाटे, म्हणजे आपल्याकडे ट्रकला असतात त्या जातीच्या पट्टीच्या स्प्रिंगा. पुढचा अ‍ॅक्सल एकसंध. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवे चाकही वाकडे व्हायचे. वेग वाढला की गाडी स्वतःच्या मर्जीने वळायची.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अशा गाड्या सुधारण्याचा मोठा शौक होता. पाटे ठोकून सपाट करायचे म्हणजे गाडी खाली बसते. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध कापून दोन्ही तुकडे मध्ये पिनवर टांगायचे, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वर-खाली होते. लेस्ली बॅलमी नावाचे एक गृहस्थ तर असा कापलेला अ‍ॅक्सल महायुद्धाच्या आधीपासून विकत होते. कंपनीच्या गाडीला बाहेरचे सस्पेन्शन बसवण्याचा धंदा इतका जुना आहे.

चॅपमन यांनी हीच कल्पना उचलली. पण फक्त अ‍ॅक्सल कापून ते थांबले नाहीत. गाडीची चौकट वाकत असेल तर स्प्रिंग कितीही चांगली टाका, ती काय काम करते ते कळणारच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. चाक वर उचलले गेले की स्प्रिंग दबायच्या आधी सांगाडाच पिळला जातो. म्हणून त्यांनी आधी सांगाडा ताठ केला आणि मग स्प्रिंगकडे वळले. आजही जुन्या, गंजलेल्या, बुश झिजलेल्या गाडीला नवी कोरी स्प्रिंग टाकणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

१९५१ ची मार्क थ्री शर्यतींत इतकी पुढे निघाली की तिच्यातल्या इंजिनाच्या युक्तीवर पुढे नियमाने बंदी आली. नियमाच्या पुस्तकात फट शोधायची, ती सापडली की घुसायचे, आणि पुस्तक बदलले की दुसरी फट शोधायची, हा खेळ तेव्हापासून सुरू झाला.

२५ पौंडांची कंपनी

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल म्हणून हेझलने दिलेले २५ पौंड. जागा वडिलांच्या पबमागचा जुना तबेला. चॅपमन तेव्हा एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करत होते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तबेल्यात काम चालायचे. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

पहिला विकाऊ माल म्हणजे मार्क सिक्स. बारीक नळ्या जोडून केलेला जाळीदार सांगाडा, पुढे कापलेला फोर्डचा अ‍ॅक्सल, त्यावर वेटोळ्याची स्प्रिंग आणि आतून शॉकअप. गिऱ्हाइकाने सुटे भाग न्यायचे, जुन्या फोर्डचे इंजिन आणायचे आणि घरी गाडी उभी करायची. यात पैशाचे गणितही होते. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे थोडक्या पैशात शर्यतीची गाडी मिळायची. १९५७ ची लोटस सेव्हन याच हिशेबावर वर्षानुवर्षे खपली. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, आणि त्याच वर्षी चॅपमन यांनी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला विकून टाकले. धंद्याचा कल ओळखण्यात हा माणूस कच्चा नव्हता.

मऊ स्प्रिंगचे गणित

चॅपमन यांच्या रस्त्यावरच्या गाड्या चालवणाऱ्यांना एका गोष्टीचे नवल वाटायचे. शर्यतीवाल्याची गाडी, पण हाडे खिळखिळी होत नाहीत. स्प्रिंग मऊ. तरीही वळणावर पकड अशी की महागड्या गाड्या मागे पडाव्यात. हे जमले कसे?

उत्तर समजायला आधी स्प्रिंगचे काम काय ते पाहू. स्प्रिंग गाडी उचलून धरते. रस्त्यातला उंचवटा आला की ती दबते आणि चाकाला वर जाऊ देते. नंतर ती उसळते. ती उसळी आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपचे. स्प्रिंग भार पेलते, शॉकअप हालचाल ताब्यात ठेवतो. दोघांची जोडी जमली पाहिजे.

पकड कुठून येते? टायर रस्त्याला टेकलेला असेल तोवरच पकड. स्प्रिंग फार कडक असली की खडबडीत रस्त्यावर चाक उंचवट्यावरून उडते, क्षणभर हवेत राहते, आणि त्या क्षणी ब्रेक, स्टिअरिंग सगळे फुकट. मऊ स्प्रिंग चाकाला रस्त्याच्या मागे मागे जाऊ देते.

दुसरा मुद्दा वळणाचा. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते हे गाडीचे वजन, तिची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरते. कडक स्प्रिंग टाकली म्हणून ते सरकणे थांबत नाही, गाडी फक्त कमी कलते. मात्र सरकणारे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत कसे वाटले जाते, हे स्प्रिंगच्या कडकपणावर अवलंबून असते. म्हणून फक्त मागच्या स्प्रिंगा कडक केल्या तर वळणावर गाडीची शेपूट सुटायला लागते. फक्त पुढच्या केल्या तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते.

चॅपमन यांनी मग मुळालाच हात घातला. गाडी हलकी केली, बसकी केली, सांगाडा ताठ केला, चाक वर-खाली होताना त्याचा कोन बिघडणार नाही अशी दांड्यांची मांडणी केली. एवढे झाल्यावर स्प्रिंग मऊ ठेवायला मोकळीक मिळाली. हलक्या गाडीला जड स्प्रिंग लागतच नाही. १९६२ ची छोटी लोटस एलान हे याचे उत्तम उदाहरण. वजन जेमतेम सातशे किलोच्या घरात, चाकांना वर-खाली व्हायला भरपूर वाव आणि शॉकअप नेमके जुळवलेले. पुढे १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ काढली, तेव्हा तिच्या मागे एलानचाच आदर्श होता.

सस्पेन्शनचा जाणकार म्हणून त्यांचे नाव तोवर इंग्लंडभर झाले होते. १९५६ मध्ये उद्योगपती टोनी व्हँडरवेल यांच्या व्हॅनवॉल या रेसिंग गाडीचा सांगाडा आणि मागचे सस्पेन्शन नव्याने आखायला चॅपमन यांनाच बोलावले गेले. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये कन्स्ट्रक्टरसाठी पहिल्यांदा विजेतेपद ठेवले गेले, ते व्हॅनवॉलने जिंकले.

कॉर्टिनाचा धडा

बाहेरची स्प्रिंग बसवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा चॅपमन यांच्या आयुष्यातला प्रसंग म्हणजे फोर्ड कॉर्टिनाचा.

फोर्डला आपली साधी कुटुंबाची गाडी शर्यतीत उतरवायची होती. काम लोटसकडे आले. लोटसने तिच्यात आपले १५५८ सीसीचे इंजिन घातले. दारे, बॉनेट आणि डिक्कीचे झाकण हलक्या धातूचे केले. बॅटरी वजनाच्या समतोलासाठी मागे डिक्कीत नेली. पुढून गाडी खाली बसवली. आणि मागचे पाटे काढून तिथे वेटोळ्याच्या उभ्या स्प्रिंगा बसवल्या. पाटे काढले की एक अडचण येते. पाटा फक्त गाडी उचलत नाही, तो मागच्या अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. वेटोळ्याची स्प्रिंग फक्त उचलते. अ‍ॅक्सलला धरायला दुसरे काहीतरी हवे. त्यासाठी चॅपमन यांनी दोन लांब दांडे आणि इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची एक चौकट लावली. तिचे टोक थेट मागच्या डिफरन्शियलच्या घराला जोडलेले.

जानेवारी १९६३ मध्ये गाडी बाहेर आली. चालवायला अप्रतिम. जिम क्लार्क यांनी १९६४ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा याच गाडीवर जिंकली. वळणावर तिचे आतले पुढचे चाक हवेत उचललेले असायचे, ते दृश्य बघायला लोक गर्दी करायचे.

पण रस्त्यावर रोज वापरणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. डिफरन्शियलचे हलके घर मुळात हा ओढाताणीचा भार सोसण्यासाठी बनलेलेच नव्हते. बोल्ट सैल व्हायचे, तेल झिरपायचे. झिरपलेले तेल त्या चौकटीच्या रबरी बुशवर जायचे, बुश मऊ पडायचे, मग अ‍ॅक्सल डुलायला लागायचा आणि घरावर ताण आणखी वाढायचा. शेवटी १९६५ च्या मध्यावर हे सगळे काढून फोर्डने पुन्हा पाटे बसवले. गाडी चालली, टिकली आणि शर्यतीही जिंकत राहिली.

जगातल्या सर्वात हुशार सस्पेन्शनवाल्याने, मोठ्या कंपनीच्या पाठबळावर केलेला बदलही असा उलटला. स्प्रिंग चुकीची नव्हती. तिच्यामुळे भार ज्या भागाकडे गेला, त्या भागाला कुणी विचारलेच नव्हते.

क्लार्क यांची वर्षे

चॅपमन आणि स्कॉटलंडचे शेतकरी जिम क्लार्क ही जोडी म्हणजे लोटसचे सोन्याचे दिवस. क्लार्क फार तांत्रिक बोलायचे नाहीत, पण गाडी वळणावर काय करते ते सांगायचे आणि चॅपमन त्यातून स्प्रिंग, शॉकअप, दांड्यांचे कोन यांचे गणित काढायचे. १९६१ च्या लोटस २१ मध्ये पुढच्या स्प्रिंगा चाकाजवळच्या वाऱ्यातून काढून अंगाच्या आत घेतल्या होत्या. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांची जाळी जाऊन पत्र्याची ताठ पेटी आली. या गाडीवर क्लार्क १९६३ मध्ये विजेते झाले. १९६५ मध्ये पुन्हा विजेतेपद आणि त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. मागे इंजिन असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

१९६६ मध्ये कंपनी नॉरफोकमधल्या हेथेल येथे महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर गेली. धावपट्टीच चाचणीचा रस्ता झाली.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे दुय्यम दर्जाच्या एका शर्यतीत क्लार्क यांची लोटस रस्ता सोडून झाडांत घुसली. क्लार्क गेले. चॅपमन यांचा जिवाभावाचा मित्र गेला. त्या वर्षीचे विजेतेपद ग्रॅहम हिल यांनी लोटसलाच मिळवून दिले, पण आधीचे चॅपमन पुन्हा दिसले नाहीत, असे त्यांच्या जवळच्या माणसांचे मत होते.

पंख थेट चाकावर

१९६८ मध्येच फॉर्म्युला वन गाड्यांना उंच पंख लागले. विमानाचा पंख उचलतो, हा उलटा पंख दाबतो. गाडी दाबली गेली की टायरची पकड वाढते. पण पंख गाडीच्या अंगाला लावला तर तो दाब स्प्रिंगांमधून जातो, स्प्रिंग दबते आणि मग तिला कडक करावे लागते. चॅपमन यांच्या संघाने उपाय काढला. पंखाचे उंच बारीक खांब अंगाऐवजी थेट चाकाच्या बाजूच्या सस्पेन्शनवरच उभे केले. दाब सरळ टायरवर, स्प्रिंग मऊची मऊ.

कागदावर हे बिनचूक होते. पण चाकाला बसणारा रस्त्याचा प्रत्येक हादरा आता त्या बारीक खांबांना बसू लागला. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनात मोंजुइक येथे एकाच उंचवट्यानंतर आधी हिल आणि मग योखेन रिंट यांच्या गाडीचा मागचा पंख मोडला. रिंट यांची गाडी हिल यांच्या मोडक्या गाडीवर आदळली. ते जखमी झाले. पुढच्याच मोनाको शर्यतीत असे उंच पंख बंद झाले.

रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून आपली भीती स्पष्ट कळवली. गाड्या वेगवान आहेत, पण नाजूक भागांना थोडे वजन दिले तर काही बिघडणार नाही, विश्वास असेल तरच गाडी चालवता येते, असा त्याचा आशय होता. तरीही ते लोटसमध्ये राहिले, कारण जिंकायला तीच गाडी लागत होती. १९७० ची नवी लोटस ७२ पाचरीच्या आकाराची. तिच्यात वेटोळ्याच्या स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा स्प्रिंगचे काम करायचा आणि पुढचे ब्रेक चाकांतून काढून आत बसवले होते. चाकाकडचे वजन त्यामुळे कमी झाले. ब्रेकचा जोर मात्र आता एका शाफ्टमधून चाकापर्यंत जात होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात रिंट यांच्या गाडीचा पुढचा उजवा ब्रेक शाफ्ट तुटला. गाडी कठड्यावर आदळली आणि ते गेले. त्यांचे गुण इतके होते की मृत्यूनंतरही त्या वर्षीचे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. असे दुसरे उदाहरण आजवर नाही.

हलकेपणाचा ध्यास चॅपमन यांना शिखरावर घेऊन गेला. पण एका भागाकडून दोन कामे करून घ्यायची म्हणजे तो भाग तुटला की दोन्ही कामे एकदम बंद पडतात. हा हिशेब त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

मऊपासून दगडापर्यंत

१९७२ मध्ये लोटस ७२ वरच इमर्सन फिटिपाल्डी विजेते झाले. नंतर काही वर्षे मंदीची गेली. मग १९७७-७८ मध्ये लोटस ७८ आणि ७९ आल्या. गाडीचे पोटच उलट्या पंखासारखे बनवले. कडेला खाली घासत जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्कर्ट. गाडीखालून वारा वेगाने निघायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. मारिओ आंद्रेती १९७८ चे विजेते झाले. त्याच मोसमात मोंझा येथे सुरुवातीच्या अपघातानंतर दुसऱ्या दिवशी लोटसचे रॉनी पीटरसन गेले.

या तंत्राने गंमत अशी केली की मऊ स्प्रिंगच्या माणसाला कडक स्प्रिंगकडे जावे लागले. पोट आणि रस्ता यांतले अंतर जरा बदलले तरी दाब बदलायचा. म्हणून स्प्रिंगा इतक्या कडक झाल्या की गाडीला सस्पेन्शन आहे की नाही असे वाटावे. चालकांचे मणके हादरू लागले. १९७९ ची लोटस ८० तर वेगात डॉल्फिनसारखी वर-खाली उसळायची.

चॅपमन यांनी १९८१ मध्ये यावर लोटस ८८ काढली. एका गाडीत दोन सांगाडे. बाहेरचा सांगाडा वाऱ्याचा दाब घेऊन कडक स्प्रिंगांतून थेट चाकांवर टाकणार. आतला सांगाडा, ज्यात चालक आणि इंजिन, तो मऊ स्प्रिंगांवर झुलणार. भार कुठे जावा आणि हादरा कुठे जाऊ नये, याचे इतके सरळ उत्तर त्याआधी कुणी दिले नव्हते. पण इतर संघांनी हरकती घेतल्या आणि गाडी एकामागून एक शर्यतीत बाद झाली. अर्जेंटिनात तिला मज्जाव झाला तेव्हा चॅपमन शर्यत सोडून अमेरिकेला अंतराळयानाचे उड्डाण पाहायला निघून गेले. लोटस ८८ एकही फॉर्म्युला वन शर्यत धावली नाही.

शेवटचे दिवस

तोवर एक काळी सावली पडली होती. उत्तर आयर्लंडमधल्या डीलोरियन मोटार प्रकल्पाचे इंजिनिअरिंग लोटसने केले होते. ब्रिटिश सरकारचा पैसा त्या प्रकल्पात होता. त्यातली मोठी रक्कम पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत भलतीकडे वळली. प्रकल्प १९८२ मध्ये बुडाला. लोटसच्या माजी अर्थप्रमुखांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला, आणि चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केले. जुन्या गाड्यांच्या बाजारात शिकलेली चलाखी इथवर पोचली होती.

ऑगस्ट १९८२ मध्ये ऑस्ट्रियात एलिओ डी आंजेलिस यांनी निसटता विजय मिळवला. जिंकल्यावर टोपी हवेत भिरकावणे ही चॅपमन यांची ओळख. ती त्यांनी शेवटची भिरकावली ती तेव्हा.

१६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे, पॅरिसहून बैठक आटोपून परतल्यावर, नॉरफोकमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५४. त्याच दिवशी त्यांचा संघ स्नेटरटन येथे एका नव्या गाडीची चाचणी घेत होता. तिच्यात स्प्रिंगचे काम संगणकाच्या हुकमाने चालणारा तेलाचा दाब करत होता. यालाच अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन म्हणतात. १९८७ मध्ये आयर्टन सेना यांनी अशाच लोटसवर मोनाको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या. १९९४ पासून फॉर्म्युला वनने हे तंत्र बंद केले.

आपल्या गाडीसाठी काय?

आज बाहेरच्या स्प्रिंगांचा बाजार जगभर आहे, आपल्याकडेही आहे. चोर्ला घाटात किंवा आंबोलीत गाडी हाणणाऱ्याला कंपनीची स्प्रिंग मऊ वाटते हे खरे. पण चॅपमन यांच्या आयुष्यातून काही गोष्टी सरळ निघतात.

स्प्रिंग एकटी बदलू नये. आखूड आणि कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपवर टाकली तर तिची उसळी त्याला आवरत नाही. जोडी एकत्रच बदलावी. त्याआधी बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट तपासावेत. गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढावी. हेडलाइटचा झोतही पाहावा. चाकाला वर जायला जागा उरली नाही तर खड्ड्यात धक्का स्प्रिंगला न बसता रबरी ठोकळ्याला आणि मग थेट बॉडीला बसतो.

आणि वेटोळी कापायचा जुगाड तर करूच नये. स्प्रिंगची कामाची वेटोळी आठ असतील आणि त्यातली दोन कापली, तर ती सुमारे ३३ टक्के कडक होते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लटकले की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल त्यात बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. त्यामुळे काही करण्याआधी आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी विचारलेले बरे.

चॅपमन यांच्याकडे ताफा होता, चाचणीची धावपट्टी होती, जगातले उत्तम चालक होते. तरीही कॉर्टिनाचे घर गळले, पंखाचे खांब मोडले, ब्रेकचा शाफ्ट तुटला. प्रत्येक वेळी एका जागचा भार हलवला आणि तो दुसऱ्या जागी जाऊन बसला. घाटात गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बहुतेक वेळा घरचे कुणीतरी बसलेले असते. स्प्रिंग टाकणाऱ्या मिस्त्रीला किंमत विचारण्याआधी एवढे विचारावे, की हिच्यामुळे वाढलेला भार आता कशावर येणार?